पदवी घ्या, पण परवाना विसरू नका

बारावीचा निकाल लागतो त्या सुमारास आपल्याकडे मृगाच्या पेरणीची घाई असते. बियाण्याचा आणि खताचा पैसा उभा करायचा, आणि त्यातच मुलाच्या पुढच्या शिक्षणाचाही विचार करायचा. अशा वेळी गावात एखादी रंगीत जाहिरात येऊन पडते. तिच्यावर विमानाचे चित्र असते, गळ्यात ओळखपत्र घातलेली हसरी मुले असतात, आणि ‘विमान अभियंता व्हा, पदवी मिळवा’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मुलगा ती जाहिरात वहीत जपून ठेवतो. घरात मात्र दोन एकर गहाण टाकावे की काय, याची चर्चा सुरू होते.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, ही वाट खोटी नाही. विमान-दुरुस्तीचे काम शिकून खेड्यातली मुले चांगल्या जागांवर गेली आहेत आणि पुढेही जातील. पण जाहिरात अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी कळली नाही, तर मुलाच्या हाती पदवीचा कागद येतो आणि काम मिळत नाही. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेऊ.

सही कुणाची चालते?

सही-शिक्क्यावाचून सातबाऱ्याचा उतारा बँकेत चालत नाही, मग ती सही शाईची असो की संगणकाची. विमानाचेही तसेच आहे. प्रवासी विमानाच्या दुरुस्तीचे काम झाले, की ते नीट झाले आहे आणि विमान उडायला योग्य आहे, अशा दाखल्यावर कुणीतरी सही करावी लागते. त्या सहीवाचून विमान जागचे हलत नाही. वैमानिक कितीही अनुभवी असो, प्रवासी आत येऊन बसलेले असोत, सही नसेल तर उड्डाण नाही.

ही सही करण्याचा अधिकार आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव डीजीसीए. या कार्यालयाची परीक्षा देऊन, ठरलेला अनुभव घेऊन, ज्याने परवाना मिळवला आहे, त्याचीच सही चालते. ज्याच्याजवळ परवाना नाही तो हँगरमध्ये काम करू शकतो. (हँगर म्हणजे विमान उभे करून दुरुस्त करण्याची मोठी शेड.) तो चाक बदलेल, पाने आवळेल, तेल भरेल, पण त्याच्या कामावर सही दुसऱ्याची लागेल. पगारातला आणि मानातला मोठा फरक इथेच पडतो.

पदवी विद्यापीठ देते आणि परवाना डीजीसीए देते. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. या लेखातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले, तरी पुष्कळ झाले.

नावे सारखी, वाटा वेगळ्या

आपली फसगत बहुधा नावांमुळे होते. ‘एरोनॉटिकल इंजिनिअरिंग’ म्हणजे विमानाची रचना, त्याच्या पंखांचे गणित, इंजिनाचे शास्त्र. ही चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी आहे. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये या शास्त्राचा मोठा विभाग आहे. ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग’ म्हणजे तयार विमान रोजच्या रोज उडण्यायोग्य राखण्याची विद्या. पहिला ट्रॅक्टर कसा बनवावा ते शिकतो, दुसरा तो शेतात बंद पडू नये याची काळजी घेतो. दोन्ही कामे मोठी; पण पहिल्याची पदवी घेतलेला मुलगा दुसऱ्याच्या कागदावर सही करू शकत नाही, जोवर त्याने परवाना घेतलेला नाही.

तिसरीही एक तऱ्हा आहे. काही संस्थांत परवान्याच्या अभ्यासाबरोबर विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठाची एरोनॉटिक्समधील बी.एस्सी. ही अशा पदव्यांपैकी एक आहे. ही जोडी उत्तम, पण ती खरोखरच जोडी आहे ना, हे आधी पाहावे. काही ठिकाणी पदवीचीच शिकवणी असते आणि परवान्याच्या परीक्षा ‘तुमच्या तुम्ही द्या’ असे शेवटच्या वर्षी सांगतात.

परवान्याची शिडी

आता परवाना मिळतो कसा ते पाहू. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. अभियांत्रिकी पदविका झालेल्यांनाही दार उघडे आहे. परवान्याचे मुख्य दर्जे असे:

‘ए’ दर्जा हा पहिला. ठरावीक छोटी कामे स्वतः करून, त्या स्वतःच्या कामापुरती सही करण्याचा अधिकार यात मिळतो.

‘बी-१’ हा यांत्रिक बाजूचा. विमानाचा सांगाडा, इंजिन आणि विजेची यंत्रणा त्यात येते. यातही पोटभाग आहेत. मोठ्या प्रवासी विमानांची जेट इंजिने ज्यात येतात तो ‘बी-१.१’. हेलिकॉप्टरचे आणि लहान पिस्टन इंजिनांचे भाग वेगळे.

‘बी-२’ हा विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. वैमानिकासमोरची उपकरणे, रेडिओ, रडार, स्वयंचलित उड्डाणयंत्रणा हे यात येते.

‘सी’ दर्जा सर्वांत वरचा. विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उभे करून, उघडून, तपासून पुन्हा जोडतात, त्या मोठ्या दुरुस्तीनंतर संपूर्ण विमानासाठी सही करणारा तो हा.

परीक्षेत गणित, भौतिकशास्त्र, वीज, विमानाचे साहित्य, दुरुस्तीच्या पद्धती, कायदे, इंजिन असे डझनभर विषय असतात. ते एकेक करून देता येतात. पण प्रत्येकात किमान ७५ टक्के गुण हवेत. शाळेत ३५ टक्क्यांना पास होण्याची सवय लागलेल्या मुलाला हा पहिला धक्का असतो. यात क्रूरता नाही. चारातल्या एका प्रश्नाहून अधिक चुकणाऱ्याच्या सहीवर तुम्ही-आम्ही विमानात बसू का?

मान्यताप्राप्त संस्थेत ‘बी-१.१’ किंवा ‘बी-२’चा अभ्यासक्रम सुमारे २४०० तासांचा असतो, म्हणजे साधारण दोन वर्षे. तो पुरा केलेल्याला त्यानंतर प्रत्यक्ष विमानांवर दोन वर्षांचा अनुभव घ्यावा लागतो. अशी संस्था न करता सरळ कामातून वर येणाऱ्याला हा अनुभव जास्त लागतो. कसबी कारागिराचे योग्य शिक्षण झालेले असेल तर तीन वर्षे, काहीच नसेल तर पाच वर्षे. आणि परवाना आला म्हणून लगेच कोणत्याही विमानावर सही करता येत नाही. एअरबस असो वा बोइंग, त्या त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. कंपनीही आपल्याकडून वेगळा अधिकार देते.

हिशेब मांडला, तर बारावीनंतर मुलगा सहीपर्यंत पोचायला चार-पाच वर्षे सहज जातात. एखादा विषय पुन्हा पुन्हा राहिला तर त्याहून जास्त. आंब्याचे कलम लावून पुढच्या वर्षी पाटी भरेल अशी आशा आपण करीत नाही. इथेही करू नये.

इंग्रजीची धास्ती

‘आमचा पोरगा मराठी शाळेत शिकलेला. विमानाची पुस्तके सगळी इंग्रजी. त्याला कसे जमावे?’ ही शंका प्रत्येक घरात निघते. तिचे उत्तर धीर देणारे आहे. विमानाच्या दुरुस्तीची पुस्तके जगभरचे कारागीर वाचतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून या पुस्तकांसाठी मुद्दाम एक सोपी इंग्रजी ठरवलेली आहे. तिच्यात सर्वसाधारण वापराचे सुमारे ९०० शब्द असतात आणि त्यांत यंत्रांच्या भागांची नावे मिळवायची. शक्यतो एका शब्दाचा एकच अर्थ असतो. वाक्ये छोटी असतात आणि आज्ञेच्या रूपात असतात: हे काढा, ते तपासा, इतक्या जोराने आवळा.

म्हणजे कादंबरीची इंग्रजी नको, कामाची इंग्रजी हवी. रोज एक पान वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहून काढणाऱ्या मुलाला वर्षभरात ती येते. मात्र वाचल्याशिवाय अंदाजाने काम करण्याची सवय असेल, तर ती या धंद्यात पहिल्या दिवशी सोडावी लागते. ती का, यासाठी एक खरी घडलेली गोष्ट ऐका.

बोल्टाची गोष्ट

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघाले. उड्डाणाला पंधरा मिनिटेही झाली नव्हती, तोच वैमानिकासमोरची एक काच निखळून उडाली. हवेच्या झोताने मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. विमानातल्या सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवले. सुदैवाने सगळे वाचले, वैमानिकसुद्धा.

चौकशीत काय निघाले? उड्डाणाच्या थोडेच आधी, रात्रपाळीत ती काच बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यांतले ८४ बोल्ट हवे होते त्यापेक्षा किंचित बारीक होते. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी. काम करणारा माणूस अननुभवी नव्हता, उलट त्या पाळीचा प्रमुखच होता. माणसे कमी होती म्हणून त्याने स्वतः काम हाती घेतले, आणि जुना बोल्ट शेजारी धरून, नजरेने जुळवून, नवे बोल्ट उचलले. पुस्तकातला क्रमांक पाहून घेतले नाहीत.

आपण थ्रेशरला किंवा विहिरीवरच्या पंपाला नजरेने बोल्ट जुळवतो, आणि बहुतेक वेळा निभावते. नाही निभावले तर पंप बंद पडतो आणि आपण पुन्हा खाली बसून दुरुस्त करतो. आकाशात खाली बसायला जागा नसते. म्हणून विमानाच्या हँगरमध्ये प्रत्येक बोल्टाला क्रमांक असतो आणि किती जोराने आवळायचा त्याचे माप असते. काम संपल्यावर प्रत्येक पाना मोजून परत ठेवावा लागतो. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. माणूस का चुकतो, थकवा आणि घाई यांनी काय होते, हा परवान्याच्या परीक्षेतला एक स्वतंत्र विषय आहे.

मग पदवी कशाला?

आता तुम्ही म्हणाल, सही परवान्याने मिळते, तर पदवीवर पैसे आणि वर्षे का घालवावी? राइट बंधूंच्या १९०३ सालच्या पहिल्या विमानाचे इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत बनवले. त्याच्याजवळ कुठली पदवी होती? हे खरे. पण तो काळ गेला. आज पदवीचे उपयोग चार, आणि चारही पोटाशी निगडित आहेत.

पहिला उपयोग बढतीचा. परवानाधारक कारागीर हँगरमध्ये चांगला पगार मिळवतो. पण पुढे दर्जा तपासणी, दुरुस्तीचे नियोजन, सुट्या भागांची खरेदी, कंत्राटे असे टेबलावरचे काम येते. तिथे नेमणूक करताना कंपन्या पदवी विचारतात. वयाच्या पंचेचाळिशीनंतर रात्रपाळीत विमानाच्या पोटाखाली वाकून काम करणे सोपे नसते. तेव्हा टेबलाची जागा हवीशी वाटते.

दुसरा उपयोग ‘सी’ दर्जाचा. या वरच्या दर्जाला जाण्याचे दोन मार्ग नियमांत आहेत. मोठ्या विमानांसाठी ‘बी-१.१’ किंवा ‘बी-२’ परवान्यावर तीन वर्षे काम करणे हा एक. तांत्रिक विषयाची मान्य पदवी, विमान-दुरुस्तीच्या वातावरणातला तीन वर्षांचा अनुभव आणि त्यातले सहा महिने मोठ्या दुरुस्तीचे निरीक्षण हा दुसरा. परीक्षांतून सुटका मात्र कुणालाच नाही. आपली पदवी या दुसऱ्या मार्गाला चालेल की नाही, हे प्रवेशाआधीच डीजीसीएच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

तिसरा उपयोग दुसऱ्या वाटा उघड्या राहण्याचा. विमान-दुरुस्तीच्या संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. ज्याच्याजवळ तेवढेच आहे, त्याला राज्यसेवेच्या परीक्षेलाही बसता येत नाही, कारण तिथे पदवी ही पहिली अट. परदेशी नोकरीला जातानाही पदवीचा कागद पुष्कळदा मागतात.

चौथा उपयोग पडत्या काळाचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. विमान कंपन्यांचा धंदा पावसासारखा बेभरवशाचा आहे. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, २०२० मध्ये करोनाने सगळीच विमाने जमिनीवर बसवली, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. त्या त्या वेळी चांगले कुशल कारागीर एका दिवसात घरी बसले. दुसरीकडे, २०२३ याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. तेजी-मंदीचा असा खेळ आहे. एकाच पिकावर सगळे शेत लावणारा शेतकरी जसा एका वर्षी तरतो आणि दुसऱ्या वर्षी बुडतो, तसे होऊ नये म्हणून परवान्याला पदवीची जोड हवी.

कामाला लागलेल्यांनी काय करावे?

सगळीच मुले बारावीनंतर थेट या शिक्षणाला जात नाहीत. कुणी आय.टी.आय. करून फिटर झालेला असतो. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी स्थापन झाला. तिथे सुखोई विमाने बांधली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या तेजसनेही आकाशात झेप घेतली. या कारखान्यात आय.टी.आय. झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. नागपूरला मिहानमध्ये २०१५ साली मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र सुरू झाले आहे. मुंबईला तर जुना उद्योग आहेच, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. कुणी वायुदलाच्या तांत्रिक शाखेत गेलेला असतो. तिथे २०२२ पासून अग्निवीर योजनेत चार वर्षांची भरती होते आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम ठेवतात. बाकीच्यांना चार वर्षांनी नवी वाट शोधावी लागते.

अशा, कामावर असलेल्या तरुणांसाठी क्रम असा ठेवावा.

आधी कामाची नोंदवही. रोज कोणते काम केले, कोणत्या विमानावर केले, कुणाच्या देखरेखीखाली केले, हे लिहून सही घेत जावे. अनुभव मोजताना तोंडी सांगणे चालत नाही. वायुदलातला अनुभवही काही प्रमाणात धरला जातो. त्याला नागरी विमानांवरच्या कामाची जोड मात्र द्यावी लागते.

मग परवान्याचे विषय. वर्षाला तीन-चार विषय नेमाने दिले, तरी नोकरी सांभाळून परीक्षा संपतात.

आणि बरोबरीने पदवी. पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. काही महाविद्यालयांत नोकरदारांसाठी अभियांत्रिकीचे वर्ग कामाच्या वेळेबाहेर चालतात. तेही नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहेच. मुक्त विद्यापीठाच्या साध्या पदवीने ‘सी’ दर्जाचा दुसरा मार्ग मिळणार नाही, कारण त्याला तांत्रिक पदवी हवी. पण ‘पदवीधर’ ही अट तिने पुरी होते, आणि खर्चही फार येत नाही.

जमीन गहाण टाकण्याआधी

आता पैशाचा हिशेब. या संस्थांची फी लाखांत जाते. शिवाय शहरातले राहणे, जेवण आणि प्रत्येक परीक्षेची फी वेगळी. पुष्कळ घरांत पहिला विचार जमिनीचाच येतो. तो शेवटचा असावा.

डीजीसीएने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांना बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत जागा आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागावे लागू नये, म्हणून केंद्र सरकारचा हमी निधी २०१५ पासून आहे. तेव्हा सातबारा घेऊन सावकाराकडे किंवा पतपेढीत जाण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत या योजनेचे नाव घेऊन विचारावे. शाखेने टोलवले, तर अर्ज लेखी द्यावा आणि नकारही लेखी मागावा.

पण कर्ज मिळाले तरी एक खड्डा राहतो, तो नीट पाहा. या कर्जाची फेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. परवान्याला मात्र अभ्यासक्रमानंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे हप्ते आधी सुरू होतात आणि सहीचा पगार नंतर येतो. मधल्या वर्षात मुलगा शिकाऊ म्हणून थोड्या विद्यावेतनावर असतो, किंवा कामाच्या शोधात असतो. या एक-दोन वर्षांचे हप्ते कशातून भरायचे, याची तरतूद प्रवेशाच्या दिवशीच ठरवून ठेवावी. दुधाच्या पैशातून म्हणा, कांद्याच्या एका हंगामातून म्हणा. ज्या घरांनी ही तरतूद केली नाही, तिथे मुलगा परवान्याच्या दारात असताना मिळेल ती नोकरी धरून बसतो, आणि केलेला खर्च अर्ध्यावर वाया जातो.

प्रवेश घेण्याआधी एवढे पाहाच

संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? ही यादी त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर असते. गावच्या सेवा केंद्रावरही ती पाहता येईल. नाव असेल तर मान्यता कोणत्या दर्जासाठी आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, तेही वाचावे. ‘मान्यता मिळण्याच्या मार्गावर आहे’ असे कुणी म्हणाले, तर पाय मागे घ्यावा.

पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे विचारावे आणि त्या विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी.

संस्थेत प्रत्यक्ष जावे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. इथे तर मुलाचे आयुष्य आहे. तिथे खरे विमान, खरे इंजिन आहे का? मुलांचे हात काळे होतात की नुसत्या वह्या काळ्या होतात? मागच्या तीन वर्षांत किती मुले परवान्याचे सगळे विषय पास झाली? दोन वर्षांचा अनुभव घ्यायला संस्था मुलांना कुठे पाठवते, आणि ते लेखी देते का? ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द जाहिरातीत असतात. पावतीवर असतात का, ते पाहावे. तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर बोलावे. खरे तिथे कळते.

डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्यावी. विमानातल्या तारा आणि खुणा रंगांवरून ओळखायच्या असतात. लाल-हिरव्याची गफलत होणाऱ्या मुलाला ते वेळेवर कळलेले बरे.

आणि पहिल्याच वर्षी सगळी फी एकरकमी भरू नये.

मुलींचे काय?

हे शिक्षण मुलींना बंद नाही. परवान्याच्या नियमात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि देशातल्या हँगरांत मुली काम करीत आहेत. शक्तीचे म्हणाल, तर जड काम यंत्रे आणि जॅक करतात. नजर, नीटनेटकेपणा आणि पुस्तकात लिहिले आहे तेच करण्याची शिस्त हीच खरी गरज. रात्रपाळी असते, हे खरे. राहण्याची आणि येण्या-जाण्याची सोय काय, ते विचारावे आणि मग मुलीचे मन पाहून निर्णय घ्यावा. नुसते ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नको.

शेवटी एवढेच

मुलाला विमानाचे वेड आहे की यंत्राचे, हे तुम्हीच ओळखू शकता, कारण तो तुमच्या डोळ्यांसमोर वाढला आहे. बिघडलेली मोटर उघडून, एकेक भाग ओळीने मांडून, पुसून, पुन्हा तशीच जोडणारा आणि शेवटी एकही स्क्रू न उरवणारा मुलगा या कामाला योग्य. घाईने जोडून ‘दोन स्क्रू जास्तच होते’ म्हणणाऱ्याला थोडे थांबवावे. त्याला आधी आय.टी.आय.ची वाट दाखवावी. तिथे हाताला वळण लागले, की पुढची शिडी त्यालाही आहेच.

ज्या घरात हा निर्णय चालू असेल, त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत. एक, डीजीसीएची यादी पाहावी. दोन, बँकेत जाऊन कर्जाचे आणि फेडीच्या तारखेचे विचारावे. तीन, एका वहीत पाच वर्षांचा खर्च आणि उत्पन्न महिन्यावार मांडावे, आणि ते मांडताना मुलालाही शेजारी बसवावे. पाच वर्षांचा हा कागद ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला, त्याला घरच्या पैशाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.